एका गंजातील सायंभोजन

स्वयंपाक ही विद्या आहे की नुसती सवय आहे, असा प्रश्न कोणी केला तर बहुतेक लोक ती सवयच आहे असे म्हणतील. आई करीत होती, आजी करीत होती, तसेच आपण करावयाचे. त्यात शिकण्यासारखे काय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या कामाला नियम आहेत, ज्या नियमांना कारणे आहेत आणि जी कारणे एकाने दुसऱ्यास समजावून सांगता येतात, त्या कामास विद्या हेच नाव शोभते. ह्या पाठात आपण एकच साधा पदार्थ घेणार आहो. तो एकाच भांड्यात व एकाच शेगडीवर तासाभरात होतो, आणि त्यात भात, भाजी व मांस ही तिन्ही येतात. तो करिताना रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान व आरोग्यशास्त्र ह्यांचे जे नियम आपण वर्गात पाठ करितो, तेच आपल्या गंजात काम करीत असलेले दिसतील. मात्र हा पाठ लिहिण्याचे खरे कारण ह्याहून निराळे आहे. ते आधी सांगतो.

१. हा पाठ कशासाठी?

आपल्या घरची संध्याकाळ कशी जाते ते पाहा. कोणी शेतातून येतो, कोणी कचेरीतून, कोणी दवाखान्यातील पाळी संपवून, कोणी शाळेतून. आल्यावर सर्वजण बसतात. एक व्यक्ती मात्र उभीच राहते. वरण एका भांड्यात, भात दुसऱ्यात, भाजी तिसऱ्यात, भाकर तव्यावर. आणि मांसाचा बेत असला म्हणजे वाटणाचा पाटा किंवा मिक्सर निराळा. जेवणे आटोपली की हीच सारी भांडी घासावयाची असतात. आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पाण्याची काय अवस्था असते हे सर्वांस ठाऊकच आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली माणसे आपला दिवसाचा वेळ कसा घालवितात ह्याची देशभर पाहणी केली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी शंभरी सुमारे ८१ जणी घरच्या माणसांसाठी बिनमोल घरकाम करितात, पुरुषांपैकी सुमारे २६ जण करितात, असे तीत आढळले. जे हे काम करितात त्यांत स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. एकीकडे जवळजवळ पाच तास, दुसरीकडे दीड तासाहून थोडे अधिक, असा हा हिशेब आहे.

आता हाच हिशेब आपल्या शाळेस लावून पाहा. दहावीची परीक्षा साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास येते. एकाच घरातील भाऊ व बहीण एकाच वर्गात नसतील. परंतु एकाच वर्गातील एक मुलगा व एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी सात ते नऊ ह्या वेळात मुलगा दिव्याखाली भूमिती सोडवितो. मुलगी कणीक मळते, लसूण सोलते, भांडी घासते. पुस्तक उघडते तेव्हा तिच्या डोळ्यांवर झोप आलेली असते. दोघांची प्रश्नपत्रिका मात्र एकच असते.

ख्रिस्ती वाचकांस बेथानी गावच्या मार्था व मरिया ह्या बहिणींची लूककृत शुभवर्तमानातील गोष्ट परिचित आहे. प्रभू घरी आले असता मरिया त्यांच्या चरणांपाशी ऐकत बसली आणि मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतून कष्टी झाली. ह्या गोष्टीवर प्रवचने पुष्कळ होतात. परंतु मार्थेचे काम हलके कसे करावे, हे त्यांत क्वचितच सांगितले जाते. घरातील माणसे जेवणार तर खरीच. तेव्हा मार्थेने चूल सोडून द्यावी असे म्हणण्यापेक्षा तिची चूल लवकर मोकळी व्हावी अशी तजवीज करणे हेच शहाणपणाचे होय. प्रस्तुत पाठ त्या तजविजीचा एक भाग आहे.

२. आपल्या मुलखातील वसंत

इंग्रजी पाकपुस्तकांत वसंतातील भाज्या म्हणून कोवळे वाटाणे, नवे बटाटे, शतावरीच्या जातीचे कोंब अशी नावे येतात. तेथे हिवाळ्यात जमीन गारठून जाते. ऊन चढू लागले म्हणजे हिरवे पुन्हा उगवते आणि साधारण एप्रिल ते जून ह्या महिन्यांत ते ताटात येते. आपला क्रम ह्याच्या उलट आहे. आपले हिरवे थंडीत वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. म्हणून वसंतपंचमी माघ महिन्यात येते ती आपल्या शेताच्या दृष्टीने अगदी योग्य वेळी येते. माघापासून होळीपर्यंतचे जे पाच-सहा आठवडे, तोच आपला भाजीचा वसंत होय.

ह्याचे कारण जमिनीत आहे. वाशीम जिल्ह्यातील काळी चिकण जमीन पावसाळ्याचे पाणी पुष्कळ दिवस धरून ठेवते. सोयाबीन निघाले की त्याच जमिनीत हरभरा पेरतात. तो त्या ओलीवर, व जेथे सोय असेल तेथे एखाद-दुसऱ्या पाण्यावर वाढतो. थंडीत फुले येतात, मग घाटे भरतात. घाटे हिरवे असेपर्यंत मुले बांधावर डहाळे खात बसतात. पुढे पंधरा-वीस दिवसांत तेच घाटे वाळून दाण्याचा हरभरा होतो. हिरव्या व वाळलेल्या अवस्थांमधील हा थोडका काळ साधता आला पाहिजे. हरभऱ्याचे झाड उपटाल तेव्हा मुळाकडेही पाहा. तेथे बारीक गाठी दिसतात. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र धरून झाडास पुरवितात. डाळवर्गाच्या दाण्यात प्रथिने अधिक असतात त्याचे एक कारण ह्या गाठींत आहे.

ह्याच दिवसांत कांद्याची हिरवी पात, पालक, मेथी, गाजर व नवा बटाटा बाजारात येतो. बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर तो इकडे आला व आपले नावही तिकडूनच घेऊन आला. आज मात्र त्याला परका म्हणेल असे वऱ्हाडी घर सापडणे कठीण.

शिक्षणशास्त्रात एक सूत्र सांगतात की, ज्ञातावरून अज्ञाताकडे जावे. एका भांड्यातील जेवण ही कल्पना आपल्याला अज्ञात नाही. तुरीचे किंवा हरभऱ्याचे ओले सोले फोडणीस घालून त्यावर तांदूळ शिजविला की आपला सोलेभात होतो. वऱ्हाडात थंडीच्या दिवसांत तो घरोघर होतो. ह्या सोलेभातात खिमा व पालेभाजी ह्यांची भर घातली, की पूर्ण जेवण झाले. नवीन ते एवढेच.

३. साहित्य

पुढील प्रमाण पाच माणसांचे आहे. कमलाबाई ओगले ह्यांच्या १९७० साली निघालेल्या 'रुचिरा' ह्या प्रसिद्ध पुस्तकात पाककृती वाटी-चमच्याच्या मापाने दिल्या आहेत. तराजू प्रत्येक घरी नसतो, वाटी असते. म्हणून येथेही तेच माप ठेविले आहे. वाटी कोणतीही घ्या, परंतु शेवटपर्यंत तीच घ्या.

तांदूळ दोन वाट्या. बोकडाचा खिमा चारशे ग्रॅम. हरभऱ्याचे ओले सोले एक वाटी. नवे लहान बटाटे तीन. साल न काढता स्वच्छ धुऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे. गाजर एक. कांद्याची पात एक लहान जुडी. तिचे पांढरे कांदे व हिरवी पात निरनिराळी चिरावी. पालक अर्धी जुडी. आले एक इंच व लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, दोन्ही ठेचून. तेल तीन मोठे चमचे. जिरे, तमालपत्राचे एक पान, तीन लवंगा व दालचिनीचा लहान तुकडा. हळद अर्धा लहान चमचा, तिखट व घरचा काळा मसाला प्रत्येकी दोन लहान चमचे, मीठ अंदाजे अडीच लहान चमचे. गरम पाणी साडेतीन ते चार वाट्या. लिंबू एक. सांबार मूठभर, पुण्याकडील वाचकांनी सांबार म्हणजे कोथिंबीर असे समजावे.

भांडे पाच लिटरचा, जाड बुडाचा गंज असावा व त्यावर घट्ट बसणारे झाकण असावे. पातळ बुडाच्या भांड्यात उष्णता एका जागी साचते व भात खाली लागतो.

एरवी पाच माणसांच्या रश्श्यास किलोभर मटण सहज लागते. येथे चारशे ग्रॅम पुरते, कारण खिम्याचा कण प्रत्येक घासात येतो व सोल्यांची प्रथिने त्यास जोड देतात. महिन्याच्या खर्चाच्या दृष्टीनेही ही गोष्ट लहान नव्हे.

४. कृती

पहिली गोष्ट, तांदूळ धुऊन पाण्यात भिजत ठेवावा. बाकीची चिराचिरी होईपर्यंत, म्हणजे वीस मिनिटांत, तो भिजून तयार होतो. दुसऱ्या शेगडीवर स्वतंत्र भांडे अडवू नये. पाणी आधी ह्याच गंजात तापवून थर्मासात किंवा झाकणाच्या तांब्यात काढून ठेवावे.

मग गंज कोरडा करून तेल तापवावे. जिरे व खडा मसाला घालावा. जिरे तडतडले की पातीचे पांढरे कांदे घालून पाच मिनिटे परतावे. आले-लसूण घालून एक मिनिट हालवावे. नंतर खिमा घालून तो गंजाच्या बुडाशी पसरावा आणि दोन मिनिटे हात लावू नये. पुढे गुठळ्या मोडीत मोठ्या आचेवर परतत राहावे. प्रथम खिम्यास पाणी सुटेल, ते आटेल, मग तेल निराळे दिसू लागेल व खिमा तपकिरी होऊ लागेल. ह्यास एकंदर दहा मिनिटे लागतात. येथे उतावीळ करू नये. साऱ्या पदार्थाची चव ह्या दहा मिनिटांत ठरते.

आता आच कमी करून हळद, तिखट व काळा मसाला घालावा, म्हणजे तो करपणार नाही. बटाटे, गाजर व सोले घालून दोन मिनिटे परतावे. सोल्यात नख सहज रुतत नसेल तर ते जून आहेत असे समजून खिम्याबरोबरच आधी घालावे. गरम पाणी व मीठ घालून उकळी येऊ द्यावी. तांदूळ निथळून त्यात सोडावा, एकदाच ढवळावे, पुन्हा उकळी आली की आच अगदी मंद करून झाकण ठेवावे. पंधरा मिनिटे झाकण उघडू नये.

पंधरा मिनिटांनी झाकण काढून वर चिरलेला पालक व हिरवी पात पसरावी, ढवळू नये. पुन्हा झाकून तीन मिनिटे ठेवावे व शेगडी बंद करावी. गंज तसाच झाकलेला दहा मिनिटे राहू द्यावा. मग हलक्या हाताने खालवर करून वर सांबार घालावा. लिंबाची फोड प्रत्येकाच्या ताटात द्यावी.

पाणी आधी तापविले असल्यास शेगडीवरचा वेळ सुमारे चाळीस मिनिटे व मुरण्याचा दहा मिनिटे होतो. ह्यांपैकी जवळजवळ अर्धा तास गंजापाशी उभे राहण्याची गरज नसते. त्या अर्ध्या तासात भूगोलाचा एक धडा वाचून होतो.

५. कारणमीमांसा

आता आपण जे केले ते तसेच का केले, हे पाहू. ज्यास कारणे कळली त्यास कृती पाठ करावी लागत नाही.

खिम्याचे पाणी आटेपर्यंत तो तपकिरी होत नाही, ह्याचे कारण काय? गंजात पाणी आहे तोपर्यंत तेथील उष्णतामान पाण्याच्या उकळबिंदूपलीकडे फारसे जात नाही. मांसातील प्रथिनांचे घटक व शर्करा ह्यांच्या संयोगाने तपकिरी रंग व खमंग वास उत्पन्न होतो. ती क्रिया वेगाने होण्यास सुमारे १४० अंश सेल्सियस उष्णता लागते. लुई-कामीय मेयार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ह्या क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, ही सारी त्याच क्रियेची रूपे आहेत. खिमा पाणी असतानाच शिजवून उतरविला तर तो शिजेल, परंतु खमंग होणार नाही.

उकळी आल्यावर आच मंद का करावी? कित्येकांची समजूत अशी की, पाणी जितके जोराने खदखदेल तितके अन्न लवकर शिजेल. ही समजूत खरी नाही. उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यात पाणी एकदा उकळू लागले की त्याचे उष्णतामान वाढत नाही. अधिक दिलेली उष्णता केवळ वाफ करण्यात खर्च होते. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांवर उकळते. उंची सुमारे तीनशे मीटर वाढली की हा बिंदू एका अंशाने उतरतो. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. मोठी आच ठेवा की मंद ठेवा, गंजातील पाणी ९८ अंशांवरच राहणार. फरक पडेल तो सिलिंडर किती दिवस पुरतो ह्यात.

जिन्नस एका वेळी न घालता क्रमाने का घातले? प्रत्येकाचा शिजण्याचा वेळ निरनिराळा असतो. चार भांड्यांच्या स्वयंपाकात हा फरक भांडी निराळी ठेवून सांभाळतात. एका गंजात तो वेळेने सांभाळावा लागतो. खिम्यास सर्वांत अधिक, बटाटा व सोले ह्यांस त्याहून कमी, तांदळास त्याहून कमी व पालकास सर्वांत कमी वेळ लागतो. म्हणून ज्यास अधिक वेळ हवा तो आधी व ज्यास कमी हवा तो शेवटी. एका गंजातील स्वयंपाकाचे सारे मर्म ह्या एका नियमात आहे. हा नियम ज्यास कळला, त्यास उद्या पालकाच्या जागी मेथी व गाजराच्या जागी वाटाणे घालण्यास कोणाला विचारावे लागणार नाही.

पालक शेवटी घालण्यास दुसरेही कारण आहे. पानांचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो व त्या द्रव्याच्या कणात मॅग्नेशियम ही धातू असते. पुष्कळ वेळ उष्णता लागली किंवा आंबट पदार्थ मिळाला की ही धातू सुटते व हिरवा रंग मळकट होतो. लिंबू गंजात न पिळता ताटात पिळावे, ते ह्यासाठीच. शिवाय आंबटपणाने बटाटा व सोले मऊ होण्यास वेळ लागतो. आणि लिंबातील क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते.

शेवटची दहा मिनिटे गंज झाकून ठेवितो तेव्हा आत काही घडत नाही असे वाटते. वस्तुतः वरचा व खालचा भात ह्यांतील ओलावा तेव्हाच सारखा होतो व शीत मोडेनासे होते.

६. शरीरास काय मिळते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ ह्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अर्ध्याहून अधिक, हे ध्यानात ठेवावे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. चढाव चढताना लागणारी धाप, वर्गातील दुपारची ग्लानी, वाचलेले ध्यानात न राहणे, ह्यांना आपण आळस म्हणतो. कित्येकदा तो आळस नसून आजार असतो.

मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. हरभरा व पालक ह्यांतही लोह आहे. परंतु त्याचा थोडाच भाग रक्तास मिळतो. मात्र त्याच जेवणात थोडे मांस किंवा लिंबासारखा क जीवनसत्त्वाचा पदार्थ असला तर वनस्पतीतील लोहाचेही शोषण वाढते. आपल्या गंजात खिमा, सोले व पालक आहेत आणि ताटात लिंबू आहे. एकाने दुसऱ्यास साहाय्य करावे अशीच ही योजना आहे. ह्याच्या उलट, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्यातील द्रव्ये लोहाचे शोषण रोखतात. चहा सोडा असा उपदेश वऱ्हाडात कोणी ऐकणार नाही. निदान तो जेवणापासून तासभर दूर ठेवावा.

आणखी एक सूचना पालकांस करणे अवश्य आहे. मांस शिजते त्या दिवशी घरातील पुरुषांस व मुलांस आधी वाढून, उरलेला रस्सा स्त्रियांच्या वाट्यास येण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. खिमा भातात मिसळलेला असला म्हणजे तुकडे निवडून वाढता येत नाहीत; प्रत्येकाच्या ताटात सारखाच वाटा येतो. रक्ताची गरज जिला सर्वांत अधिक, तिलाही तो मिळतो.

७. खबरदारी

मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात. खिमा करिताना तो पृष्ठभाग आत-बाहेर सर्वत्र मिसळला जातो. म्हणून खिमा आपल्यासमोर करून घ्यावा, त्याच दिवशी शिजवावा, आणि त्याचा कोठेही तांबूस भाग राहू देऊ नये. कच्च्या मांसास लावलेले हात, पाट व सुरी साबणाने धुतल्यावाचून पालेभाजीस लावू नये.

भाताविषयी अशी गोष्ट आहे की, तांदळात काही जंतूंची बीजे असतात व ती शिजविल्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास बाहेर राहिला तर ती वाढतात व विष तयार करितात. मग पुन्हा गरम केल्यानेही ते विष जाईलच असे नाही. यास्तव उरलेला भात उघड्या ताटात पसरून लवकर निववावा व शीतकपाटात ठेवावा. ते नसल्यास खाणाऱ्यांच्या मापानेच शिजवावा. फाल्गुनातील आपल्या रात्री थंड वाटल्या तरी ह्या जंतूंना त्या पुरेशा उबदार असतात.

८. फेरबदल

खिम्याऐवजी कोंबडीचे लहान तुकडे घेतल्यास ते दहा मिनिटे परतावे व बाकी कृती तशीच करावी. हाडांसह मटण घ्यावयाचे असेल तर ते दाबाच्या कुकरात आधी शिजवावे लागते. मग भातही त्याच कुकरात करावा, म्हणजे भांडे एकच राहते. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढवून उकळबिंदू चढविण्याची ही युक्ती देनी पापँ ह्या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखविली होती. हाडेसुद्धा मऊ करणारे यंत्र म्हणून तिची त्या वेळी ख्याती झाली.

आपल्या जिल्ह्यात शिरपूरसारखे जैन तीर्थक्षेत्र आहे, आणि आपल्या शाळेत मांस न शिजणाऱ्या घरांतील मुलेही शिकतात. त्यांच्यासाठी हा पाठ निरुपयोगी नाही. खिमा वगळून सोले दुप्पट घ्यावे व वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट घालावे. ज्यांच्या घरी कांदा, लसूण, बटाटा, गाजर व आले वर्ज्य आहेत त्यांनी त्यांऐवजी वाटाणे व फुलकोबी घेऊन जिरे-मिऱ्यांच्या फोडणीवर हाच भात करावा. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस न घेणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसही हीच पद्धत सोयीची आहे. पदार्थ बदलेल, क्रमाचा नियम बदलणार नाही.

९. हे काम कोणाचे?

येथवर वाचून कित्येक मुलगे म्हणतील की, हा पाठ मुलींचा आहे. त्यांना विचारावेसे वाटते की, मेयार व पापँ ही काय मुलींची नावे आहेत? लग्नसमारंभात शंभरांचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुष चालतो, ढाब्यावरचा पुरुष चालतो. मग पाच माणसांचा गंज चढविण्यातच कमीपणा तो कसला?

ईस्टरच्या दिवसांत देवळांतून योहानकृत शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचतात. शिष्य रात्रभर जाळी टाकून थकलेले, हातास काही न लागलेले, पहाटे किनाऱ्याकडे येतात. तेथे पुनरुत्थित प्रभूंनी विस्तव पेटवून त्यावर मासळी व जवळ भाकर तयार ठेविलेली असते, व ते त्यांना न्याहारीस बोलावितात. मरणावर विजय मिळविल्यानंतर थकलेल्या माणसांसाठी अन्न शिजविणे त्यांना हलके वाटले नाही. मग दहावीच्या मुलाला ते हलके वाटण्याचे काय कारण?

कामाची वाटणी अशी करता येईल. एकाने सोले सोलावे व तांदूळ धुवावा. दुसऱ्याने भाज्या चिराव्या. तिसऱ्याने गंजापाशी उभे राहून खिमा परतावा. जेवणानंतर जो शेवटी उठेल त्याने गंज घासावा. आठवड्यातून दोनच दिवस असे झाले तरी घरातील एका व्यक्तीच्या दोन संध्याकाळी मोकळ्या होतात. परीक्षेच्या महिन्यात ती व्यक्ती एखादी विद्यार्थिनी असेल, तर त्या संध्याकाळींचे मोल सांगणे नलगे.

अभ्यास

१. गंजातील पाणी जोराने उकळत असले तरी भात लवकर का शिजत नाही?

२. खिमा, बटाटा, तांदूळ व पालक ह्यांचा घालण्याचा क्रम सकारण लिहा.

३. लिंबू ताटात पिळावे, गंजात पिळू नये, ह्याची तीन कारणे द्या.

४. आपल्या घरी संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कोण किती मिनिटे स्वयंपाकघरात असतो, ह्याची सात दिवस नोंद ठेवा. तिचा स्तंभालेख काढा व तो घरातील सर्वांस दाखवा.

५. होळीच्या आत एका संध्याकाळी वरील भात स्वतः करा. त्या वेळात आईला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. आणि गंज तुम्हीच घासा.